एक जागा, तीन खेळ

३० मे २०१५ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर रिचमंडविरुद्ध एसेंडन क्लबचा डस्टिन फ्लेचर आपला ४०० वा सामना खेळला. तीन आठवड्यांपूर्वीच त्याने वयाची चाळीस वर्षे पूर्ण केली होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये त्याच्याआधी चारशेचा टप्पा फक्त दोघांनी गाठला होता : मायकल टक (४२६) आणि केव्हिन बार्टलेट (४०३). जांघेच्या दुखण्यामुळे तो त्यानंतर लीगच्या सामन्यात उतरलाच नाही आणि आकडा चारशेवर थांबला. १९९३ ते २०१५ असे तेवीस हंगाम, एकच क्लब आणि बहुतेक काळ मैदानावरची एकच जागा : आपल्या गोलसमोरची, फुल-बॅकची. अशी कारकीर्द पाहिली की चिवटपणाचे, निष्ठेचे आणि सातत्याचे गोडवे गायले जातात. ते खोटे नाहीत, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. फ्लेचर ज्या जागेवर उभा राहिला ती जागा त्या तेवीस वर्षांत निदान दोनदा मुळापासून बदलली. १९९३ मध्ये फुल-बॅकला जे काम होते ते २००५ मध्ये उरले नव्हते आणि २००५ चे काम २०१५ मध्ये जुने झाले होते. म्हणून माझे म्हणणे असे की फ्लेचर एकच खेळ तेवीस वर्षे खेळला नाही. त्याच जागेवर उभा राहून तो तीन वेगळे खेळ शिकला. त्या काळात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे काय झाले हे पाहायचे असेल तर गोल करणाऱ्यांच्या यादीपेक्षा या बचावपटूची कारकीर्द जास्त सांगते.

मराठी वाचकाला मेलबर्नचे हे मैदान अनोळखी नाही. सुनील गावसकर १९८१ मध्ये पंचांच्या निर्णयावर चिडून जोडीदारासह बाहेर निघाला ते इथेच, आणि २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणेने शतक ठोकले तेही इथेच. पण मेलबर्नच्या हिवाळ्यात या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी दिसत नाही. तिथे अठरा-अठरा जणांचे दोन संघ लंबगोल चेंडूमागे धावतात. या खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये याच शहरात लिहिले गेले. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने धाडला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला, किंवा कोणाचा हात लागून पार झाला, तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. लाथेने मारलेला, किमान १५ मीटर आलेला चेंडू हवेतच झेलला की तो ‘मार्क’; झेलणाऱ्याला निवांत फटका मारण्याचा हक्क मिळतो. ऑफसाइडचा नियमच नाही. त्यामुळे फुल-फॉरवर्ड गोलच्या तोंडाशी ठाण मांडून बसू शकतो आणि त्याच्या पाठीला चिकटून फुल-बॅक उभा असतो. कबड्डीत चढाईपटूचे गुण फलकावर चढत राहतात आणि कोपरारक्षकाची आठवण मात्र पकड सुटली की होते. फुल-बॅकची गत तशीच. त्याने केलेल्या सर्वोत्तम कामाचा परिणाम म्हणजे फलकावर काहीच न घडणे.

फ्लेचरने पदार्पण केले तो १९९३ चा हंगाम फुल-बॅकसाठी बहुधा सर्वांत वाईट काळ होता. त्या एका वर्षी अॅडिलेडच्या टोनी मोड्राने १२९, जिलाँगच्या गॅरी एब्लेटने १२४ आणि हॉथॉर्नच्या जेसन डन्स्टॉलने १२३ गोल केले. सेंट किल्डाकडे टोनी लॉकेट होता. तो पुढे कारकिर्दीत १३६० गोल करून सर्वकालीन यादीत पहिला आला. अशा लोकांसमोर एसेंडनने शाळेत बारावीत शिकणारा एक काटकुळा मुलगा उभा केला. त्याचे वडील केन फ्लेचर हे एसेंडनचे जुने खेळाडू आणि माजी कर्णधार. पिता-पुत्र नियमाखाली क्लबने मुलाला घेतले होते. प्रशिक्षक केव्हिन शीडी स्वतः रिचमंडचा बचावपटू होता, त्यामुळे या जागेची किंमत त्याला ठाऊक होती. त्या काळचे काम सांगायला सोपे आणि करायला अवघड होते. मैदानाच्या मध्यातून लांब, उंच फटका गोलच्या दिशेने येई. पुढचा माणूस तुमच्याकडे पाठ करून, कंबरेने तुम्हाला मागे रेटत, चेंडूखाली जागा धरे. तुम्हाला त्याच्या पाठीवर हात टेकवून तोल सांभाळायचा, चेंडू खाली येताना अचूक क्षणी उडी मारायची आणि त्याच्या बोटांच्या आधी आपली मूठ चेंडूवर आदळायची. झेल घ्यायची हौस करायची नाही. चेंडू नुसता उडवून लावायचा. क्षणभर लवकर उडालात तर चेंडू डोक्यावरून जाई, क्षणभर उशीर झाला तर खांद्यावर हात पडून फ्री किक जाई. मदतीला कोणी येत नसे, कारण प्रत्येकाला आपापला माणूस होता. १९८ सेंटिमीटर उंची आणि त्याहूनही लांब वाटणारे हात हे फ्लेचरचे भांडवल. ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ हे टोपणनाव त्या हातांवरूनच पडले.

त्या वर्षी एसेंडन विजेता ठरला. तरुण खेळाडूंच्या भरण्यामुळे या संघाला ‘बेबी बॉम्बर्स’ म्हणत. उपांत्य टप्प्यावरच्या सामन्यात अॅडिलेडविरुद्ध मध्यंतराला ४२ गुणांनी मागे पडूनही तो जिंकला आणि अंतिम सामन्यात त्याने कार्लटनला १३३–८९ असे ४४ गुणांनी हरवले. मात्र त्याच अंतिम सामन्यात कार्लटनचा कर्णधार स्टीफन कर्नाहनने ७ गोल केले. आजचा कोणताही प्रशिक्षक विरोधी फॉरवर्डच्या सात गोलांनंतर झोपू शकणार नाही. तेव्हा मात्र ते चालून गेले, कारण जिंकण्याचे गणितच वेगळे होते : तुमच्या माणसाने माझ्यावर सात केले तर माझ्या माणसांनी तुमच्यावर वीस करावेत. बचावाचे काम नुकसान आटोक्यात ठेवण्यापुरते होते. याची दुसरी बाजू १९९६ मध्ये दिसली. सिडनीविरुद्धच्या उपांत्य टप्प्यावरच्या सामन्यात गुण बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी लॉकेटने मार्क घेतला आणि भोंगा वाजल्यावर लांबून फटका मारला. गोल झाला नाही, बिहाइंड झाला, पण तेवढा एक गुण पुरला. सिडनी ७१, एसेंडन ७०. संपूर्ण हंगामाचा निकाल एका माणसाने एक चेंडू झेलण्यावर लागला. द्वंद्वाच्या त्या युगाचे मोठेपण त्यात आहे आणि त्याची मर्यादाही.

या पहिल्या खेळात फ्लेचरने शिखर गाठले ते २००० मध्ये. आदल्या वर्षी कार्लटनकडून एका गुणाने हरून अंतिम सामना हुकल्याचा सल एसेंडनला होता. त्या हंगामात त्यांनी पंचवीसपैकी चोवीस सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात मेलबर्नला ६० गुणांनी धूळ चारली. संघात जेम्स हर्ड आणि मॅथ्यू लॉइडसारखे तारे असताना क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान फुल-बॅकला, फ्लेचरला मिळाला; ऑल-ऑस्ट्रेलियन संघातही त्याची निवड झाली. तरी इतिहासाच्या दृष्टीने त्या वर्षीचा खरा सामना तो एकमेव पराभव होता. एकविसाव्या फेरीत वेस्टर्न बुलडॉग्जचा प्रशिक्षक टेरी वॉलेस याने आपले बहुतेक खेळाडू मागे खेचून एसेंडनच्या आक्रमणाची वाटच अडवली. लॉइडला उडी मारायला मोकळी जागा मिळेना आणि एसेंडन ११ गुणांनी हरला. याला तिकडे ‘फ्लड’ म्हणतात. वॉलेस या युक्तीचा जनक नव्हता. सिडनीचा रॉडनी ईड ती आधीपासून वापरत होता. पण अजिंक्य वाटणाऱ्या संघाला तिने रोखले आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या ध्यानात आले की बचाव म्हणजे एकेका माणसाची झुंज राहण्याची गरज नाही. जागाच माणसांनी भरून टाकता येते. फ्लेचरच्या बाबतीत गंमत अशी की ज्या वर्षी द्वंद्वाच्या खेळातला उत्तम फुल-बॅक म्हणून तो मान्य झाला, त्याच वर्षी त्या खेळाच्या शेवटाची सुरुवात झाली.

पुढच्या काही वर्षांत किती बदल झाला हे दोन अंतिम सामन्यांचे गुणफलक शेजारी ठेवले की कळते. १९९३ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३३ गोल झाले होते. २००५ मध्ये सिडनी आणि वेस्ट कोस्ट यांच्यात मिळून १५. सिडनीने तो सामना ५८–५४ असा जिंकून ७२ वर्षांचा दुष्काळ संपवला आणि शेवटच्या सेकंदांत गर्दीवरून झेप घेऊन चेंडू पकडणारा लिओ बॅरी हा बचावपटू होता. एका बचावपटूच्या झेलाने विजेतेपद ठरावे हे आधीच्या दशकात कल्पनेतही बसले नसते. फॉरवर्डचेही तसेच झाले. २००८ मध्ये लान्स फ्रँकलिनने शंभराचा टप्पा ओलांडला, त्यानंतर कोणालाही ते जमलेले नाही. फ्लेचरच्या अखेरच्या हंगामात, २०१५ मध्ये, नियमित फेऱ्यांत सर्वाधिक गोल होते ७५. दरम्यान नियमही बदलत राहिले आणि त्यातले बरेचसे बचावपटूच्या मुळावर आले. २००७ मध्ये पाठीवर हात टेकवण्याला फ्री किकची शिक्षा कडकपणे लागू झाली. म्हणजे १९९३ मध्ये शिकलेला पहिला धडाच बेकायदा ठरला. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जिलाँगविरुद्ध ११ वेळा चेंडू मुद्दाम स्वतःच्या रेषेपार ढकलून एक-एक गुण देऊन टाकला आणि सामना जिंकला. पुढच्याच वर्षी असे मुद्दाम करण्यावर शिक्षा आली. फुल-बॅकची अडचणीतून सुटण्याची जुनी पळवाट बंद झाली.

या पडझडीत फ्लेचरच्या पिढीचे काय झाले ते पाहावे. एब्लेट १९९६ नंतर खेळला नाही, डन्स्टॉल १९९८ मध्ये थांबला, मोड्रा २००१ पर्यंत रेटत राहिला. कार्लटनचा थोर फुल-बॅक स्टीफन सिल्व्हॅग्नी ३१२ सामन्यांनंतर २००१ मध्ये निवृत्त झाला. एसेंडनच्या १९९३ च्या विजेत्या संघातले सोबती एकेक करून गेले. हर्ड २००७ मध्ये निवृत्त झाला आणि २०११ मध्ये प्रशिक्षक होऊन परतला, तेव्हा ज्याच्यासोबत तो विजेता ठरला होता तो फुल-बॅक अजून खेळतच होता. फ्लेचरने या काळात दोन गोष्टी केल्या. आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या झुंजीत तिसरा होऊन पोचण्याची नवी कला त्याने अंगी बाणवली. लांब हात आता पुढच्या माणसाभोवती गुंतवून ठेवण्याऐवजी बाजूने येऊन चेंडू उडवायला कामी आले. पाठीवर हात न टेकवता बचाव करायचा तर पोहोच हवी आणि ती त्याच्याकडे होती. दुसरी गोष्ट त्याच्या पायात होती. त्याची लाथ विलक्षण लांब जाई. २००६ पासून बिहाइंडनंतर गोल-पंचांचे झेंडे हलेपर्यंत न थांबता लगेच चेंडू खेळात आणण्याची मुभा मिळाली. प्रतिस्पर्धी अजून जागा भरत आहेत तोच चेंडू साठ मीटर पलीकडे टाकू शकणारा फुल-बॅक अचानक आक्रमणाचा पहिला माणूस झाला. २००७ मध्ये, पहिल्या निवडीनंतर सात वर्षांनी, तो पुन्हा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात आला. दोन निवडी, पण दोन वेगवेगळ्या कामांसाठी. आयर्लंडविरुद्धच्या संमिश्र नियमांच्या सामन्यांत तर गोल चेंडूसमोर तो गोलरक्षक म्हणून उभा राहिला. तिसऱ्या खेळात, म्हणजे अखेरच्या चार-पाच वर्षांत, त्याचे काम मुख्यतः रचनेचे होते : कोण कुठे उभा राहील, कोणी माणूस सोडायचा, चेंडू कोणत्या बाजूने बाहेर काढायचा. संपूर्ण मैदान समोर दिसते ते सर्वांत मागे उभ्या असलेल्यालाच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे सारे शरीराचे देणे आहे. लांब हात, हलकी चण, कमी झीज आणि क्रीडाविज्ञानाची प्रगती. त्यात बुद्धीचे कौतुक कशाला? शरीराचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रीडाविज्ञान सगळ्यांनाच मिळाले होते आणि उंच, लांब हातांचे बचावपटू लीगमध्ये पैशाला पासरी होते. शिवाय तेवीस हंगामांत चारशे म्हणजे वर्षाला सरासरी सतराच सामने होतात, नियमित सामने बहुतेक वर्षी बावीस असताना. म्हणजे तो अभेद्य देहाचा माणूसही नव्हता. दुखापती झाल्या, सामने हुकले. प्रश्न असा की दर वेळी परत आल्यावर बदललेल्या खेळात त्याला जागा का मिळाली. शीडी, मॅथ्यू नाइट्स, हर्ड आणि २०१४ मध्ये मार्क थॉम्पसन अशा चार वेगळ्या विचारांच्या प्रशिक्षकांनी त्याला खेळवले. केवळ जुनी पुण्याई म्हणून छत्तीस-सदतीस वर्षांच्या माणसाला व्यावसायिक लीगमध्ये कोणी जागा अडवू देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सामन्यांची संख्या म्हणजे थोरवी नव्हे. सिल्व्हॅग्नीला १९९६ मध्ये, अजून खेळत असतानाच, शतकातल्या सर्वोत्तम संघाचा फुल-बॅक ठरवले गेले. जिलाँगचा मॅथ्यू स्कार्लेट सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला आणि त्याने तीन विजेतेपदे मिळवली. फ्लेचरच्या खात्यात दोन आणि दोन. बचावपटूला कोणी विचारत नाही ही तक्रारही पुरती खरी नाही, कारण १९९३ मध्येच एसेंडनच्या गॅव्हिन वॉन्गनीनने प्रामुख्याने बचावात खेळून लीगचे सर्वोच्च ब्राउनलो पदक पटकावले होते. हे सर्व मान्य. एका दुपारी एका फॉरवर्डला रोखण्यासाठी एकाच बचावपटूची निवड करायची असेल तर सिल्व्हॅग्नी किंवा स्कार्लेट निवडणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण तो प्रश्न श्रेष्ठत्वाचा आहे आणि माझा मुद्दा इतिहासाचा. सिल्व्हॅग्नी द्वंद्वाच्या युगाचा होता आणि ते संपताना गेला. स्कार्लेटचा बहर संघबचावाच्या युगात आला. एका माणसाच्या अंगावर दोन्ही युगांच्या खुणा पाहायच्या तर फ्लेचरकडेच यावे लागते.

तिसरा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. २०१२ च्या हंगामात एसेंडनने खेळाडूंना पूरक द्रव्यांची इंजेक्शने देण्याचा कार्यक्रम राबवला. प्रकरण २०१३ मध्ये उघड झाले. क्लबला २० लाख डॉलर दंड झाला, बाद फेरीतून हाकलले गेले आणि प्रशिक्षक हर्डवर बारा महिन्यांची बंदी आली. लीगच्या लवादाने मार्च २०१५ मध्ये खेळाडूंना निर्दोष ठरवले, पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अपिलावर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने १२ जानेवारी २०१६ रोजी थायमोसिन बीटा-४ या बंदी असलेल्या द्रव्याच्या वापराबद्दल ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी धरले. त्यात फ्लेचरही होता. मग त्याच्या अखेरच्या वर्षांना दीर्घायुष्याचा पुरावा कसे मानायचे? खेळाडूंचे म्हणणे होते की क्लबने जे दिले ते वैध आहे असे त्यांना सांगण्यात आले. लवादाचे म्हणणे होते की शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच. नियम म्हणून लवाद बरोबर आहे आणि तो ठपका फ्लेचरच्या नावापुढे राहणार. तो पुसण्याचा अधिकार कोणाला नाही. पण या लेखाचा युक्तिवाद त्यावर उभा नाही. तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा फ्लेचर एकोणीस हंगाम खेळून झाला होता. खेळाची दोन्ही स्थित्यंतरे, दोन्ही विजेतेपदे, दोन्ही ऑल-ऑस्ट्रेलियन निवडी त्याच्या मागे पडल्या होत्या. २०१२ पासूनचे सगळे सामने वजा केले तरी वर मांडलेल्या मुद्द्याचा गाभा गळत नाही.

उलट त्या प्रकरणामुळेही याच इतिहासाचा एक भाग उजेडात येतो. फ्लेचर आला तेव्हा शाळकरी मुलगा शनिवारी देशातल्या बलाढ्य फॉरवर्डसमोर उभा राहू शकत होता आणि सोमवारी वर्गात बसू शकत होता. तो गेला तेव्हा खेळाडूचे धावणे, खाणे आणि रक्त क्लबच्या तक्त्यांवर होते. त्याच व्यावसायिकतेने बचावाला शास्त्र बनवले, बाकावरून वारंवार अदलाबदल करत अठराच्या अठरा जणांना मैदानभर पळायला लावले, फुल-फॉरवर्डची मिरास मोडली आणि तिनेच एका क्लबला मर्यादा ओलांडायच्या मोहात पाडले. यातले चांगले आणि वाईट वेगळे काढून दोन इतिहास लिहिता येणार नाहीत.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हा काळ अजूनही गोलांच्या आकड्यांनी सांगितला जातो : लॉकेटचे १३६०, मोड्राचे १२९, फ्रँकलिनचे शेवटचे शतक. त्या आकड्यांतून गोल कमी झाले एवढेच कळते; ते का कमी झाले हे मागच्या फळीकडे पाहिल्यावाचून कळत नाही. फ्लेचर त्या जागेवरचा सर्वश्रेष्ठ होता असे मला वाटत नाही आणि त्याची कारकीर्द निष्कलंकही नाही. तरी १९९३ ते २०१५ या काळाचा साक्षीदार म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा बचावपटू नाही. खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा साक्षी गोल करणाऱ्यांच्या आधी नोंदवाव्यात.